पाहुण्याचा बिल्ला

"ब्वाना, हिला कोणता बिल्ला देऊ?"

खाणीत न्यायचे दिवे आणि बिल्ले जिथे ठेवत, त्या लॅम्प रूमच्या खिडकीतून बा लुंगूंनी मला विचारलं. ब्वाना म्हणजे साहेब. खिडकीच्या अलीकडे एक उंच, शेलाटी मुलगी उभी होती. अंगात कोरा निळा ओव्हरऑल, पायांत एक माप मोठे रबरी बूट, बारीक बारीक वेण्यांवर कसंबसं बसवलेलं पांढरं हेल्मेट. पिंजऱ्यासाठी रांगेत उभे असलेले चाळीसएक पुरुष बोलायचे थांबले होते. पिंजरा म्हणजे खाणीत उतरणारी आमची लिफ्ट.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. झांबियात तांब्याच्या खाणींचा एक पट्टाच आहे. तिथल्या चिलुंगा नावाच्या खाणीत मी सेक्शन इंजिनियर होतो. चंद्रपूरच्या कोळशात पंधरा वर्षं हात काळे करून झाले होते, आता तांब्यानं हिरवे करून पाहू, म्हणून तीन वर्षांच्या करारावर गेलो होतो. तो करार त्या डिसेंबरात संपणार होता.

आधी बिल्ल्याचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरून घडलं. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असतो, त्यावर नंबर ठोकलेला. उतरताना तो फळ्याच्या लाल बाजूला अडकवायचा, वर आल्यावर हिरव्या बाजूला. दुपारी दोनला शिफ्ट वर आली की आम्ही सुरुंगाचे बार उडवायचो. पण त्याआधी फळ्याची लाल बाजू पूर्ण रिकामी दिसली पाहिजे. एक जरी बिल्ला तिथे लटकत असला तरी किल्ली फिरवायची नाही, हा नियम. बार उडवायच्या पेटीची ती किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असे.

फळ्यावर चारशे साठ खिळे होते आणि सगळे पुरुषांचे.

या मुलीचं पत्र मला आदल्या दिवशीच मिळालं होतं. प्रिस्का कासोंडे, लुसाकाच्या विद्यापीठातून मायनिंग इंजिनियर झालेली, जमिनीखालच्या शिफ्ट बॉसच्या शिक्षणासाठी माझ्या सेक्शनमध्ये. आमच्या खाणीत जमिनीखाली काम करायला आलेली ती पहिली बाई.

"बिल्ल्याचा अर्ज भरून घेऊ," मी बा लुंगूंना म्हणालो. "तोवर पाहुण्याचा द्या."

पाहुण्यांसाठी खिडकीशेजारी एक वेगळी छोटी पाटी होती. तिला तीन खिळे, तीन ॲल्युमिनियमचे बिल्ले. कधी मंत्री येत, कधी बँकेचे लोक येत, तेव्हा ते निघत. बार उडवताना ती पाटी कुणी बघत नसे. पाहुणा खाणीत एकटा उतरतच नाही ना. सोबतचा अधिकारी वर आला म्हणजे पाहुणाही आलाच.

तिनं बिल्ला उलटसुलट करून पाहिला.

"किती दिवस?"

"आठवडाभर. फार तर दोन."

"बरं," ती म्हणाली आणि तो खिशात टाकून रांगेत सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

आमच्याकडे खेड्यात बापाला बा म्हणतात. तिकडे कुठल्याही मोठ्या माणसाच्या नावाआधी 'बा' लावतात, आपण 'राव' किंवा 'साहेब' लावतो तसं. बा लुंगू, बा मुम्बा, बा टेम्बो. बायकांनाही लावतात. पण त्या दिवशी लॅम्प रूममध्ये तिला कुणी 'बा' लावला नाही. मी तरी कुठला शहाणा! आम्ही इंग्रजीत बोलायचो, त्यात तू आणि तुम्ही एकच. पण मनातल्या मनात मी तिला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत होतो. शेजारच्या सेक्शनमधल्या, तिच्याच वयाच्या फिरी नावाच्या पोराला मात्र 'तुम्ही'. हे फार नंतर लक्षात आलं.

पिंजऱ्यात तिनं पहिला प्रश्न विचारला तो खाणीबद्दल नव्हताच.

"पोटदुखे म्हणजे काय हो? आमच्यात मूल जन्मलं तेव्हा घरात काय चाललं होतं, त्यावरून पुष्कळदा नाव पडतं. तुमच्या घरात काय चाललं होतं?"

"ज्याचं पोट दुखतं तो पोटदुखे," मी म्हणालो. "आता नेमकं कुणाचं दुखत होतं, ते आजोबांच्या आजोबांना विचारावं लागेल."

ती खळखळून हसली आणि बेम्बा भाषेत मागच्यांना सांगून मोकळी झाली. सातव्या लेव्हलपर्यंत पिंजरा हसत होता. तेव्हापासून खाणीत मी 'मिस्टर स्टमक' झालो. नावाचा मी अर्धाच अर्थ सांगितला होता. उरलेला इंग्रजीत कुठे समजावत बसा, म्हणून सोडून दिला.

त्याच दुपारी तिनं माझ्या टेबलावर बसून बिल्ल्याचा पिवळा अर्ज भरला. नंबराच्या चौकटीपाशी तिचं पेन थांबलं.

"चारशे सतरा मिळेल?"

"का? ज्योतिष्यानं सांगितलाय?"

"माझ्या वडिलांचा आहे. एकतीस वर्षं याच खाणीत होते. छाती गेली म्हणून निवृत्त झाले. तो नंबर अजून कुणाला दिलेला नाही, मी बा लुंगूंना विचारलं. बिल्ला बा लुंगूंच्याच डब्यात आहे."

म्हणजे बिल्ला घडवायचाही नव्हता. माझी सही, स्टोअरचा शिक्का, मॅनेजरचा शिक्का, की झालं.

"पाठवतो," मी म्हणालो.

या बिल्ल्यावर तिचं बरंच काही अडलं होतं. शिफ्ट बॉसच्या परीक्षेला बसायचं तर खाणीत शंभर शिफ्ट भरलेल्या लागत, आणि त्या स्वतःच्या बिल्ल्यावरच्याच. पाहुण्याच्या बिल्ल्यावर उतरलेली शिफ्ट हजेरीत धरत नसत. परीक्षा डिसेंबरात होती. ती नापास झाली असती तर गोष्ट वेगळी, पण बसायलाच मिळालं नाही तर वर्ष फुकट.

आठवडा गेला, महिना गेला. ती अधूनमधून विचारायची.

"मिस्टर पोटदुखे, माझा अर्ज?"

"स्टोअरमध्ये पडलाय. तिथली माणसं कासवाच्या पाठीवर बसून शिक्के मारतात."

ती मॅनेजरकडेही एकदा गेली. त्यानं 'पोटदुखेंना विचारा' म्हणून परत पाठवलं. मग तिनं एक छोटी वही केली आणि प्रत्येक शिफ्टची तारीख, लेव्हल आणि केलेलं काम त्यात स्वतःच लिहून ठेवायला लागली. रोज खिडकीवर काढा-लावा कोण करणार, म्हणून पाहुण्याचा बिल्लाही ती खिशातच ठेवू लागली. छोट्या पाटीवरचा एक खिळा कायमचा रिकामा झाला. आम्हाला त्याची सवय झाली.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू! सुरुवातीला मी तिच्यासोबत असायचो. हातातल्या लोखंडी पहारीनं ती छताला ठोकायची आणि मान तिरकी करून ऐकायची. खणखणीत वाजलं तर पुढे. बद्द वाजलं तर सगळ्यांना मागे सारून आधी तो दगड पाडायचा. कोळशाच्या खाणीत आमचे लाकडी खांब करकरून आधी सांगतात, की बाबांनो, पळा.

"इथला दगड काही सांगत नाही," ती म्हणायची. "त्याला विचारावं लागतं."

जुने लोक कुरकुरायचे. बाई खाली उतरली की तांबं रुसतं, आत आत पळून जातं, असं तिकडे म्हणत.

"तुमच्याकडे काय म्हणतात?" तिनं मला विचारलं.

"आमच्याकडे म्हणायची पाळीच येत नाही. कायद्यानंच बंदी आहे," मी सांगितलं. "खाणीच्या तोंडाशी देवी मात्र बसवलेली असते. रोज तिच्या पाया पडून उतरायचं."

"म्हणजे देवी चालते, बाई चालत नाही?"

"तसंच काहीसं."

"बरंय तुमचं," ती म्हणाली आणि पुन्हा छत ठोकू लागली.

जेवायला आम्ही सातव्या लेव्हलच्या स्टेशनवर, पिंजऱ्यासमोरच्या बाकावर बसायचो. तिच्या डब्यात न्शिमा असायचा. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत कापेंटा नावाची बोटाएवढी वाळवलेली मासळी. माझ्याकडे बायकोनं पाठवलेली जवसाची चटणी. एकदा तिनं न्शिमाचा घास मोडून चटणीत बुडवला, डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरा बुडवला, आणि मग बरणी आपल्याच बाजूला सरकवून घेतली.

"आमच्यात हिंदी माणसाला 'म्वेन्ये' म्हणतात," ती म्हणाली. "आणि पाहुण्याला 'म्वेनी'. तुम्ही दोन्ही आहात."

"बिल्ला तर तुझ्याकडे आहे पाहुण्याचा."

"हो ना," ती म्हणाली. "माझ्याच गावात."

दर रविवारी मी चंद्रपूरला फोन करायचो. कुमुदला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सगळं सांगायचो. तिला प्रिस्काचं भारी कौतुक.

"तिचा बिल्ला आला का जी?"

"नाही अजून."

"आता सहा महिने झाले ना! देऊन टाका ना जी तिले. तुमचं काय जाते?"

माझं काय जात होतं, ते कुमुदला मी सांगितलं नव्हतं. माझा करार वाढवायचा तर एकच अट होती : त्या जागेसाठी स्थानिक माणूस तयार झालेला नसावा. शिफ्ट बॉसची परीक्षा देऊन डिसेंबरपर्यंत तयार होईल असं माझ्या सेक्शनमध्ये माणूस एकच होतं.

सप्टेंबरचे शेवटचे दिवस. ऑफिसबाहेरचे जकरंदा जांभळे झाले होते आणि मोटारींच्या टपांवर फुलांचा सडा पडायचा. सकाळी मी मासिक अहवाल लिहीत होतो. प्रिस्का दारातून डोकावली.

"सातव्या लेव्हलला, पूर्वेच्या बोगद्यात, छताला एक चीर दिसतेय. आज नीट मोजून नकाशावर घेते. मला अडीच होतील. मी येईपर्यंत बार थांबवाल ना?"

"हं," मी म्हणालो. मान वर न करता म्हणालो.

दोन वाजता शिफ्ट वर आली. अंघोळीच्या खोलीतून हसण्याखिदळण्याचे आवाज यायला लागले. मी नेहमीसारखा लॅम्प रूममध्ये गेलो.

"सगळे वर?" मी विचारलं.

बा लुंगूंनी फळ्यावरून नजर फिरवली. लाल बाजूला नुसते खिळे होते.

"सगळे वर, ब्वाना."

पहिला भोंगा झाला. मी खिडकीलगतच्या माझ्या टेबलाशी आलो, खणातून किल्ली काढली, भिंतीवरच्या पेटीत घातली. दुसरा भोंगा झाला. तिसऱ्याआधी वहीत सही करावी लागते. पेन खिशात नव्हतं. मी खणात हात घालून चाचपडू लागलो. रबरं, खडू, जुनी पाकिटं. पेन मागे सरकलं होतं म्हणून अख्खा खण ओढला, आणि त्याच्या तळाचा पिवळा कागद वर आला.

प्रिस्का कासोंडे. नंबर चारशे सतरा. तारीख अकरा मार्च. खाली सहीची जागा कोरी.

तो अर्ज स्टोअरमध्ये पडला नव्हता. तिकडे तो कधी गेलाच नव्हता. सहा महिने तो माझ्या खणात, किल्लीच्या खाली होता. मीच ठेवला होता. फाडून टाकायची छाती झाली नाही आणि सही करायची दानत झाली नाही.

आणि त्या कागदावरचं तिचं नाव वाचताना मला सकाळचं माझं 'हं' आठवलं.

"थांबवा! भोंगा थांबवा!" मी ओरडलो असेन, कारण बा लुंगू खिडकीतून अर्धे बाहेर आले. मी किल्ली उपसून मुठीत धरली. सातव्या लेव्हलच्या स्टेशनवरचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मी हेल्मेट घेतलं आणि तसाच पिंजऱ्यात शिरलो. उतरायला चार मिनिटं लागतात. ती चार मिनिटं मी पिंजऱ्याच्या जाळीला धरून वाकून उभा होतो.

पूर्वेच्या बोगद्यात पंख्याची घरघर एवढी होती, की भोंगा तिथे पोचणं शक्यच नव्हतं. वळणावर मला तिचा दिवा दिसला. ती छताकडे बघत वहीत काहीतरी काढत होती. तिच्या पुढे वीसेक पावलांवर दगडात सुरुंग भरलेले होते आणि त्यांच्या तारा भिंतीवरून लोंबत होत्या.

"आलात? अजून अडीच वाजले नाहीत," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्यावर तिचा दिवा पडला. "काय झालं?"

मी मूठ उघडून किल्ली दाखवली.

"पण लाल बाजूला माझा बिल्ला—"

ती मध्येच थांबली. तिनं खिशात हात घातला आणि ॲल्युमिनियमची ती चकती बाहेर काढली. कितीतरी वेळ ती तिच्याकडे बघत होती. नंतर भिंतीला टेकून ती हळूहळू खाली बसली. मीही समोरच्या दगडावर बसलो. दोघांचे दिवे जमिनीवर पडले होते.

"किती उरलं होतं?" तिनं विचारलं.

"एक भोंगा."

पिंजऱ्यात परतताना आम्ही दोघंच होतो. पाचवी लेव्हल गेल्यावर मी म्हणालो, "पहिल्या दिवशी तू माझ्या नावाचा अर्थ विचारला होतास. मी अर्धाच सांगितला."

तिनं मान माझ्याकडे वळवली.

"आमच्या भाषेत दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नसलं, की म्हणतात, याचं पोट दुखतंय."

"कुणाचं चांगलं?"

मी खिशातून पिवळा अर्ज काढून तिच्या हातात दिला. तिनं तो हेल्मेटच्या दिव्याखाली धरला. तारीख वाचली, सहीची रिकामी जागा बघितली. मला वाटलं, आता ओरडेल, एक थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

"माझे वडील रोज संध्याकाळी दारात बसतात," ती म्हणाली. "रोज विचारतात, आला का बिल्ला? मी सांगते, स्टोअरची माणसं हळू आहेत. ते म्हणतात, माझ्या वेळी दोन दिवसांत मिळायचा, तू नीट बोलली नसशील कुणाशी. सहा महिने मी त्यांना खोटं सांगतेय, मिस्टर पोटदुखे. तुमच्या शब्दावर."

मी मान खाली घातली.

"वर गेल्यावर अपघाताच्या वहीत लिहा," ती म्हणाली.

"काय लिहू?"

"पोटाचं राहू द्या. कागदाचं लिहा."

टेबलाशी बसलो तेव्हा अपघाताची वही समोर उघडून ठेवलेली होती. बा लुंगू माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. 'नजरचुकीनं एक व्यक्ती मोजणीतून सुटली', एवढं लिहून भागलं असतं. नजरचूक ही वस्तू कुठल्याही देशात खपते. माझी नोकरी राहिली असती, करार वाढला असता, जानेवारीत कुमुद आणि माझी मुलगी तिकडे आल्या असत्या. घर बघून ठेवलं होतं, मागे आंब्याचं झाड असलेलं. आणि प्रिस्काला तोंडभर माफी मिळाली असती, एवढंच.

तिनं स्वतःची छोटी वही माझ्यासमोर ठेवली आणि ती बाहेर जाऊन जकरंदाखाली उभी राहिली. मी ती चाळली. एकशे अडतीस शिफ्ट. अठरा एप्रिलच्या पुढे लिहिलं होतं : 'मि. स्टमक यांनी बोगद्याचा उतार मोजायची सोपी रीत शिकवली. आभार.'

मग मी लिहिलं. बिल्ल्याचा अर्ज अकरा मार्चला माझ्याकडे आला, मी तो जाणूनबुजून पुढे पाठवला नाही, म्हणून ही व्यक्ती मोजणीत नव्हती. या काळात तिनं सोबतच्या वहीतल्या सर्व एकशे अडतीस शिफ्ट माझ्या सेक्शनमध्ये खरोखर भरल्या आहेत, त्या हजेरीत धराव्यात. खाली पूर्ण नाव लिहिलं : दिवाकर नथ्थुजी पोटदुखे. आयुष्यात माझ्या आडनावाची मला पहिल्यांदाच लाज वाटली.

मॅनेजरनं वही वाचली आणि हात पुढे केला. मी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. करार वाढणार नाही हे सांगायला त्यानं पत्रसुद्धा पाठवलं नाही, सरळ तोंडावर सांगितलं. प्रिस्काच्या शिफ्ट मात्र धरल्या.

कुमुदला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोरगी जित्ती हाय ना? मंग या घरी."

पुढच्या सोमवारी बिल्ला निघाला. तो लावायला प्रिस्काचे वडील आले. काळा कोट, हातात टोपी, दर चार पावलांवर थांबून श्वास घेणारे. बा लुंगूंनी डब्यातून चारशे सतरा काढला, पुसला आणि किंचित गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी त्यांना दिला. म्हाताऱ्यानं तो मुलीला दिला. मुलीनं तो लाल बाजूला अडकवला. मी मागे, दारापाशी उभा होतो.

उरलेले तीन महिने मी वरच, कागदांत काढले. प्रिस्का भेटली की गुड मॉर्निंग म्हणायची. चटणीची शेवटची बरणी मी तिच्या टेबलावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती धुऊन परत आली, आणि आत मूठभर सुकवलेला कापेंटा होता. डिसेंबरात ती परीक्षा पास झाली.

निघायच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला लॅम्प रूममध्ये गेलो. टॅक्सी बाहेर उभी होती, विमान संध्याकाळचं. माझा अठ्ठ्याऐंशी नंबरचा बिल्ला मी सकाळीच जमा केला होता. बा लुंगूंनी मला खिडकीपाशी अडवलं आणि छोट्या पाटीवरची ॲल्युमिनियमची चकती काढून माझ्या हातावर ठेवली.

"आत यायचं तर हा लागेल, ब्वाना," ते हसून म्हणाले. "आता पाहुणे तुम्ही."

तो बिल्ला मी चुकून खिशात घालून आलो. चुकून म्हणतो खरा. चंद्रपूरच्या घरी तो अजून कपाटाच्या किल्ल्यांसोबत लटकतोय.

शिफ्ट वर आली होती. फिरीसाहेब पेटीपाशी उभे होते, किल्ली आता त्यांच्याकडे असे.

"सगळे वर?" त्यांनी विचारलं.

बा लुंगूंनी फळ्याकडे पाहिलं. लाल बाजूच्या रिकाम्या खिळ्यांत एकच पितळी चकती चमकत होती.

"नाही," ते म्हणाले. "बा कासोंडे खाली आहेत."

क्षणभर माझ्या डोळ्यांसमोर काळ्या कोटातला म्हातारा आला. मग लक्षात आलं.

फिरीसाहेबांनी किल्ली खणात ठेवली आणि खुर्ची ओढून घेतली. बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. मी हात करून त्याला थांबायला सांगितलं, फळ्यासमोरच्या बाकावर बसलो, आणि त्यांची वाट बघत राहिलो.